चितपूरहून चौरंगीकडे

कलकत्त्याला जाणारा मराठी प्रवासी बहुधा चौरंगीपासून प्रारंभ करतो, आणि माझ्या मते तेथेच त्याची दिशा चुकते. त्याचा मुक्काम बहुतेक त्याच बाजूस असतो, मार्गदर्शिकांच्या पहिल्या पानावर व्हिक्टोरिया मेमोरियलचा शुभ्र घुमट छापलेला असतो, आणि परगावच्या पाहुण्याला मैदानाच्या मोकळ्या हवेचे आकर्षण वाटावे हेही स्वाभाविकच आहे. परिणामी तो आधी संगमरवर पाहतो, मग अजायबघर पाहतो, आणि उरल्यासुरल्या वेळात उत्तर कलकत्त्याच्या गल्ल्यांतून एक धावती फेरी मारून ‘जुने शहर फार गलिच्छ’ असा अभिप्राय घेऊन स्वगृही परततो. हा क्रम सर्वस्वी उलट करावा. उत्तरेस बागबाजार-कुमारटुलीपासून निघून, ज्याला आता रवींद्र सरणी म्हणतात त्या जुन्या चितपूर रस्त्याच्या अनुरोधाने दक्षिणेकडे उतरत गेले, म्हणजे या शहरातील कलेचा पोशिंदा कोण होता, आणि तो केव्हा व कोणत्या कारणाने बदलला, याचा सारा इतिहास, काळ थोडा मागेपुढे होऊन का होईना, पायांखालून जातो. पूजेचा यजमान, वाड्याचा धनी, तिकीट काढून आत येणारा प्रेक्षक आणि सरकार, हे सारे या एका वाटेवर भेटतात. आणि कोणत्याही कलास्थानी प्रवेश करताना ‘याचा खर्च कोणी सोसला?’ हा प्रश्न मनाशी ठेवला, तर कलकत्त्याइतके मनमोकळे उत्तर देणारे शहर हिंदुस्थानात दुसरे क्वचितच सापडेल.

व्यवहाराच्या दोन गोष्टी आधी सांगून टाकतो. 1984 साली सुरू झालेली, आणि आपल्या देशातील पहिली, भुयारी रेल्वे जवळपास याच ओळीने जमिनीखालून धावते. शोभाबाजार, गिरीश पार्क, महात्मा गांधी रोड, पार्क स्ट्रीट, रवींद्र सदन ही तिची स्थानके म्हणजे या यात्रेचे आयते टप्पेच होत. सोमवारी मात्र निघू नये: जोडासांकोचे संग्रहालय, चौरंगीचे अजायबघर आणि व्हिक्टोरियाची दालने ही तिन्ही त्या दिवशी बंद असतात.

कुमारटुली पाहावी ती श्रावण-भाद्रपदात. हुगळीच्या काठाला लागून असलेल्या या वस्तीत घरोघर मूर्तिकारांची ओसरी म्हणजेच कारखाना. आणि पावसाने ओली झालेली माती वाळवण्यासाठी त्यांची जी धांदल उडालेली असते, तीत प्रेक्षकाला कोणी ‘या’ म्हणत नाही आणि ‘जा’ही म्हणत नाही. आधी बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळलेला भाताचा पेंढा, त्यावर तूस मिसळलेल्या जाड चिखलाचा लेप, तो वाळून तडकला की बारीक मातीचा दुसरा हात, सांध्यांवर मातीत बुडविलेल्या चिंध्या, मग खडूचे पांढरे अस्तर आणि शेवटी रंग, असा हा क्रम. मुख साच्यातून काढतात, बोटे निराळी घडवून मागाहून जोडतात, परंतु देहाला साचा नाही. पेणच्या कारखान्यांतून साच्यातल्या मूर्ती रांगेने उभ्या राहिलेल्या पाहण्याची ज्यांच्या डोळ्यांना सवय आहे, त्यांना शिराविना उभी असलेली ती पेंढ्याची दशभुजा, तिच्या पायाशी अर्धवट माखलेला महिषासुर आणि आढ्याला टांगून ठेवलेल्या हातांच्या जुड्या पाहून पहिल्याने काहीसे दचकायला होते. डोळे सर्वांत शेवटी, परंपरेप्रमाणे महालयेला, रेखाटले जातात.

हा सारा उद्योग उभा राहिला तो जवळच्या शोभाबाजारच्या आणि तशाच इतर धनिक घराण्यांच्या आश्रयाने. प्लासीच्या लढाईनंतर, त्याच 1757 साली, नवकृष्ण देव यांनी आपल्या वाड्यात दुर्गापूजेचा जो थाट मांडला, त्यात भक्तीचा अंश किती आणि नव्या राज्यकर्त्यांच्या मेहेरनजरेचा हिशेब किती, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. वाड्याचे ठाकुरदालान मात्र आजही उभे आहे आणि पूजाही चालू आहे. पुढे वाड्यांची सद्दी संपली, मोहल्ल्यामोहल्ल्याच्या समित्या वर्गण्या गोळा करू लागल्या, आणि 2021 साली युनेस्कोच्या यादीत कलकत्त्याच्या दुर्गापूजेचे नाव चढले ते मुख्यतः या सार्वजनिक पूजांच्या जोरावर. कुंभाराच्या दृष्टीने यजमान तेवढा बदलला. समुद्रापलीकडच्या बंगाल्यांसाठी फायबरग्लासच्या हलक्या मूर्तीही येथूनच जहाजाने रवाना होतात.

बागबाजार ओलांडताना मराठी माणसाने थोडे खाली मान घालून चालावे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांचा धसका घेऊन 1742 साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणण्यास घेतला, तो ‘मराठा डिच’. या भागात एका गल्लीला ते नाव अजून चिकटून आहे. भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांचे घोडदळ कलकत्त्यापर्यंत कधी पोहोचलेच नाही, काम अपुरे राहिले, आणि पुढे तो खंदक बुजवून त्या जागी सर्क्युलर रोड बांधण्यात आला. खर्च रहिवाशांनीच अंगावर घेतला होता. तेव्हा या शहरात लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या, अथवा खणल्या गेलेल्या, कामांच्या इतिहासात आपल्या पूर्वजांचा काही वाटा आहे असे म्हणावयास हरकत नसावी. बंगाली घरांत लेकरांना निजवताना ‘बर्गी’, म्हणजे मराठा स्वार, आल्याचे भय अजूनही घालतात. यजमानाने हे हसत हसत सांगितले तरी आपण विषय बदलावा हे उत्तम.

आता रंगभूमीकडे. चितपूर रस्त्यावर जात्रा-मंडळ्यांच्या पेढ्या दोन्ही अंगांनी दिसतात. भडक रंगांची भित्तिपत्रके, त्यांवरील डोळे वटारलेल्या नायिका, आणि आत गादीवर बसून खेड्यापाड्यांच्या सुपाऱ्या घेणारे व्यवस्थापक. रथयात्रेच्या दिवशी येथे नव्या हंगामाची नोंदणी सुरू होते, आणि आपल्याकडे जत्रांच्या हंगामात नारायणगावी तमाशाच्या राहुट्या पडतात त्याची आठवण येथे आल्याशिवाय राहत नाही. याच रस्त्यावर मधुसूदन सान्याल यांच्या वाड्याचे अंगण भाड्याने घेऊन काही मध्यमवर्गीय तरुणांनी 7 डिसेंबर 1872 रोजी दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ तिकीट लावून केले. त्याआधीही कलकत्त्यात नाटके होत. परंतु ती धनिकांच्या वाड्यांत, आणि निमंत्रितांसाठी. पैसे टाकील त्याला जागा, हा नियम बंगाली रंगभूमीला येथे लाभला. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले ते 1853 साली, म्हणजे या बाबतीत आपण पुढे होतो. पण निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांचे अत्याचार उघड्या रंगमंचावर दाखविण्याचे धाडस कलकत्त्याने आधी केले, आणि त्या धाडसाच्या परंपरेतूनच सरकारने 1876 साली नाट्यप्रयोगांचा कायदा आणला. त्याच कायद्याचा बडगा पुढे 1910 साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर पडला. बंगालात उगारलेली छडी महाराष्ट्राच्या पाठीवर उमटली ती अशी.

हातीबागानच्या स्टार थिएटरसमोर उभे राहिले असता जी हकीकत आठवते, ती मात्र कायद्याहूनही कठोर आहे. नाटककार गिरीशचंद्र घोषांच्या मंडळीस स्वतःचे नाटकगृह हवे होते. गुरमुखराय नावाचा एक तरुण मारवाडी धनिक पैसा ओतण्यास सिद्ध होता, परंतु त्याच्या बदल्यात त्यास मंडळीतील नटी विनोदिनी दासी हवी होती. सहकाऱ्यांनी गळ घातली, नव्या नाटकगृहास तुझे नाव देऊ असे आश्वासन दिले, आणि विनोदिनीने, विशीतल्या त्या मुलीने, ते मान्य केले. 1883 साली बिडन स्ट्रीटवर नाटकगृह उभे राहिले. परंतु नोंदणी करून परत आलेल्यांनी सांगितले की नाव ‘स्टार’ ठेवले आहे. गणिकेच्या कुळातील बाईचे नाव पाटीवर लावले तर प्रतिष्ठित प्रेक्षक यावयाचे नाहीत, असा त्यामागचा हिशेब. पुढच्याच वर्षी, 1884 साली, त्याच रंगमंचावर ‘चैतन्यलीला’ नाटकात तिने चैतन्याची भूमिका केली, आणि ती पाहण्यासाठी साक्षात् रामकृष्ण परमहंस दक्षिणेश्वराहून आले व त्यांनी तिला आशीर्वाद दिला, तेव्हा ज्या प्रतिष्ठितांच्या भयाने नाव नाकारले गेले त्यांचीही रीघ लागली. थोड्याच काळाने, कारकीर्द ऐन भरात असताना, विनोदिनीने रंगभूमी सोडली. 1912 साली तिने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले, आणि नटाच्या मनाचा तळ इतक्या निर्भीडपणे उलगडणारे पुस्तक त्या काळच्या कोणत्याही भारतीय भाषेत मला तरी ठाऊक नाही.

आज आपण पाहतो ती हातीबागानची इमारत मुळात 1888 सालची. बिडन स्ट्रीटची वास्तू दुसऱ्याच्या हाती गेली तेव्हा मंडळी आपले नाव तेवढे बरोबर घेऊन येथे आली. 1991 साली ती आगीत भस्मसात झाली, महापालिकेने दर्शनी भाग जुन्या वळणाचा राखून ती पुन्हा उभारली व 2004 साली खुली केली. आता तेथे बहुतांशी चित्रपट दाखवितात, आणि अलीकडे तिचे ‘विनोदिनी थिएटर’ असे नामकरणही झाले आहे. ज्या रंगमंचावर ती बाई कधीही उभी राहिली नाही त्यास तिचे नाव लाभले, आणि ज्याच्यासाठी तिने स्वतःस विकले तो जमीनदोस्त झाला. ऋण अशा रीतीने फिटते असे मानणाऱ्यांनी समाधान मानावे. मला ते उशिरा भरलेल्या दंडासारखे वाटते.

गिरीश पार्कच्या स्थानकावरून जोडासांकोचा ठाकुरवाडा हाकेच्या अंतरावर आहे. 1784 साली नीलमणी ठाकुरांनी बांधलेल्या या वाड्यात रवींद्रनाथ 7 मे 1861 रोजी जन्मले आणि 7 ऑगस्ट 1941 रोजी निवर्तले, त्यामुळे बहुतेक यात्रेकरू त्या दोन खोल्यांकडे धाव घेतात. मी म्हणेन, आधी अंगणात थांबावे. आजोबा द्वारकानाथांनी व्यापारात मिळविलेले वैभव आणि मागे ठेवलेले कर्ज, वडील देवेंद्रनाथांनी ते कर्ज फेडताना पत्करलेली साधी राहणी, आणि त्या दोहोंच्या दरम्यान वाढलेली मुले, अशी ही घडण. तिकीटविक्रीची रंगभूमी शेजारच्या रस्त्यांवर फोफावत असताना या वाड्यात मात्र घरची माणसेच नाटके रचीत, घरचीच माणसे ती करीत, आणि प्रेक्षक निमंत्रणाने येत. 1881 साली ‘वाल्मीकिप्रतिभा’चा प्रयोग येथे झाला, त्यात विशीच्या आतले रवींद्रनाथ वाल्मीकी झाले होते, त्यांची पुतणी प्रतिभा सरस्वती झाली होती, आणि श्रोत्यांत बंकिमचंद्र होते. कुलीन घरातील मुलीने परक्या पुरुषांसमोर भूमिका करणे त्या काळी अघटित होते. मैलभर उत्तरेस तेच काम विनोदिनी पोटासाठी करीत होती. एकीस प्रतिष्ठा आणि दुसरीस बहिष्कार, हा भेद कलेने केलेला नव्हे, खर्च कोण करतो यावरून झालेला.

शेजारच्या पाच क्रमांकाच्या घराच्या दक्षिणेकडील सोप्यात अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ चित्रे काढीत बसत; ते घर राहिले नाही. युरोपीय तैलचित्रणापासून दूर होऊन मोगल लघुचित्रे आणि जपानी रंगपद्धती यांच्याकडे वळलेला जो बंगाली संप्रदाय मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या चित्रकारांना दुर्बल आणि धूसर वाटे, आणि ज्याला आपले धुरंधरादिक केवळ साहेबाचे अनुकरण करणारे वाटत, त्याचा उगम याच परिसरात. आज ते भांडण संपले आहे, आणि दोन्ही पक्षांची बाजू निम्मीनिम्मी खरी होती असे म्हणण्याइतके आपण सुरक्षित अंतरावर आहोत. मराठी वाचकाने वरच्या दालनांतील एका चित्रासमोर मात्र अवश्य थांबावे, ते रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ ठाकुर यांच्या. सनदी सेवेत दाखल झालेले हे पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात, सोलापूर, कारवार, सातारा अशा ठिकाणी झाली, त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, आणि त्यांच्याच व्यवस्थेने 1878 साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ इंग्रजी रीतिरिवाज शिकण्यासाठी मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी येऊन राहिले. त्या घरातील अन्नपूर्णेला कवीने ‘नलिनी’ असे नाव दिले, ते पुढे त्यांच्या लेखनातही वावरले.

मल्लिकांचा मार्बल पॅलेस, 1835 सालचा, याच भागात आहे. तो अद्याप खासगी निवासस्थान असल्याने पर्यटन खात्याकडून आगाऊ परवाना काढावा लागतो. तेथे रुबेन्सची म्हणून दाखविली जाणारी चित्रे, अंगणातले पक्षी आणि आरशांची रेलचेल यांच्यात रसिकता आणि संपत्ती यांचा जो झगडा चालला आहे, त्यात संपत्तीचा जय झालेला दिसतो. कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांच्या टपऱ्या आणि कॉफी हाऊस यांविषयी इतक्यांनी इतके लिहिले आहे की मी पुढे जातो.

चौरंगीचे अजायबघर, ज्याला बंगाली माणूस ‘जादूघर’ म्हणतो, एशियाटिक सोसायटीने 1814 साली स्थापिले. डेन्मार्कचा वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथेनिएल वॉलिक त्याचा पहिला चालक, आणि वॉल्टर ग्रॅनव्हिलने रेखिलेली सध्याची इमारत 1878 साली खुली झाली. येथे ममी पाहण्यासाठी झुंबड असते. ती ओलांडून थेट भारहुतच्या दालनात जावे आणि उरलेला वेळ तेथेच काढावा. अलेक्झांडर कनिंगहॅमला 1873 साली मध्य हिंदुस्थानातील नागोद संस्थानच्या हद्दीत या स्तूपाचे अवशेष आढळले, तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी त्याच्या विटांनी आपली घरे बांधून काढली होती; उरलेल्या कठड्याचे खांब, सूची (आडवे दांडे), उष्णीष (माथ्याचे दगड) आणि पूर्वेचे तोरण त्याने कलकत्त्यास आणविले, आणि तांबूस दगडाचा तो कठडा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला असूनही आज छताखाली सुस्थितीत उभा आहे.

त्यावरील जातककथा ब्राह्मी लिपीतील मथळ्यांसह कोरल्या आहेत, त्यामुळे कोणता प्रसंग कोणता यात वादाला फारसा वाव नाही. परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते दात्यांचे लेख. अमका भिक्षू, तमकी भिक्षुणी, कोणाची पत्नी, कोणाची माता, अशांनी कोणी एक खांब दिला, कोणी एक सूची. तोरणावर धनभूती राजाचे नाव आहे खरे, पण कठडा उभा आहे तो सामान्यांच्या वर्गणीवर. आणि त्या दात्यांच्या गावांत नासिकचे नाव येते, करहाकटाचे येते; करहाकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे विद्वान मानतात, आणि ते दान कोणा एका असामीचे नसून साऱ्या निगमाचे, म्हणजे गावच्या व्यापारी पेठेचे आहे. कृष्णा-कोयनेच्या काठच्या पेठेने काही शे मैलांवरील स्तूपासाठी पैसा पाठविला, आणि त्याची पावती दोन हजार वर्षांनंतर चौरंगीवर वाचावयास मिळते. याच कठड्यावर जेतवनाच्या खरेदीचे वर्तुळशिल्प आहे: बैल सोडलेली गाडी, जमिनीवर चौकोनी नाणी ओळीने अंथरणारी माणसे, आणि हाती झारी घेऊन दानाचे उदक सोडणारा अनाथपिंडक. धर्मशिल्पात व्यवहार इतक्या राजरोसपणे कोरण्याचा संकोच त्या शिल्प्याला वाटला नाही.

त्यानंतर व्हिक्टोरिया मेमोरियल पाहावे, म्हणजे ते योग्य प्रमाणात दिसते. कर्झनची कल्पना, मकराण्याचा संगमरवर, कोटीभर रुपयांचा खर्च आणि तोही संस्थानिकांच्या व प्रजेच्या देणग्यांतून. यांतील ऐच्छिक किती आणि नजराणा किती हे ज्याचे त्याने ओळखावे. 1906 साली पाया घातला, 1911 साली राजधानी दिल्लीला हलविण्याचे जाहीर झाले, आणि 1921 साली इमारत पूर्ण होऊन उघडली तेव्हा ज्या वैभवाचे ते स्मारक व्हावयाचे ते दुसऱ्या गावी गेले होते. तिचा शिल्पी विल्यम इमर्सन; आपल्या मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट याच गृहस्थाचे, आणि दोहोंतून निवडावयाचे झाल्यास मी मंडई निवडीन. आतील थॉमस आणि विल्यम डॅनियल यांची हिंदुस्थानची दृश्ये मात्र चुकवू नयेत.

मेमोरियलच्या मागील अंगास, कॅथेड्रल रोडवर, अॅकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स आहे. रवींद्रनाथांनी जिला तिच्या बालपणी पत्रे लिहिली, आणि पुढे जी उद्योगपती सर बीरेन मुखर्जी यांची पत्नी झाली, त्या राणू मुखर्जी यांनी ही संस्था 1933 साली स्थापिली. आरंभी तिचा संसार अजायबघराच्या एका खोलीत होता. शेजारी रवींद्र सदन, आणि 1985 साली सत्यजित राय यांच्या हस्ते उघडलेले नंदन हे चित्रपटगृह. ही दोन्ही सरकारी. तरीही संध्याकाळी गर्दी पाहावी ती अॅकॅडमीच्या नाट्यगृहापाशी. येथे खेळ करतात त्या ‘ग्रुप थिएटर’च्या मंडळ्या, त्यांना मालक नाही, नफा नाही, नटांपैकी कोणी बँकेत कारकून तर कोणी शाळेत मास्तर. 1948 साली शंभू मित्रांच्या ‘बहुरूपी’ने ही वहिवाट दृढ केली, 1954 साली रवींद्रनाथांचे ‘रक्तकरबी’ रंगमंचावर उभे राहू शकते हे तिनेच सिद्ध केले, आणि तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बंगालीत प्रथम आणले तेही तिनेच. बादल सरकारांची नाटके मराठीत आली ती परतफेड समजावी. भाषा येत नाही या संकोचाने मराठी प्रेक्षकाने बाहेर थांबू नये. तत्सम शब्दांच्या आधाराने पहिला अंक निम्मा कळतो, दुसरा बहुतेक सारा; तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळते, आणि तोवर शेजारच्या दालनांतून नव्या चित्रकारांची प्रदर्शने पाहण्यास काही पडत नाही.